शाळेच्या गाण्याचं शेवटचं कडवं

बिदरच्या मैलूरमध्ये आमच्या गल्लीत माझी ओळख ‘लॅटिनवाल्या मॅडम’ अशी आहे. लॅटिन म्हणजे नेमकं काय, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. पण पत्ता विचारणारा माणूस बरोबर माझ्या दारात येऊन उभा राहतो, म्हणजे ओळख पुरेशी आहे.

येणारे नाना तऱ्हेचे असतात. चिटगुप्प्याचे एक व्यापारी शेतात सापडलेलं नाणं घेऊन आले होते. बसवण्णांना मानणारं घराणं, कपाळावर विभूती, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड. नाणं इतकं झिजलेलं की त्यावर राजा होता की बैल, हेही कळेना. म्हणाले, “रोमचं हाय का तेवढं सांगा.” मी म्हटलं, “अप्पा, मी नाणी वाचत नाही, पुस्तकं वाचते.” त्यांनी नाणं रुमालात परत बांधलं आणि म्हणाले, “मंग अक्का, एवढं शिकून निम्मंच शिकलात की.” एका कॉलेजच्या अध्यक्षांना कमानीवर लॅटिन हवं होतं. काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, “तुम्ही चांगलं बघून लिवा. अर्थाचं मागून बघू.” आणि दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, की कुठल्या तरी ग्रीक नाटकात आपली कन्नड आहे म्हणे, खरं का? असेल, नसेल, मी वाचलंय आणि मला खात्रीनं सांगता येत नाही, असं मी म्हणते. माणूस नाराज होऊन जातो. ‘सांगता येत नाही’ हे वाक्य आमच्या कामात रोज लागतं आणि बाहेर कुणालाच आवडत नाही.

काम काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी ज्या काळावर काम करते, त्या काळात रोमचं साम्राज्य पश्चिमेकडे मोडत चाललं होतं. जुने देव जाऊन ख्रिस्ती धर्म आला होता. गावोगावचे बिशप, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, लोकांपुढे उभे राहून लॅटिनमध्ये प्रवचनं करत. लेखनिक ती भराभर टिपून घेत. मग त्याच्या नकला, नकलांच्या नकला. मूळ टिपणं केव्हाच गेली. आपल्या हाती आहेत त्या काही शतकांनंतरच्या, कातड्यावर उतरवलेल्या प्रती. त्यांचे फोटो आता घरबसल्या संगणकावर दिसतात. मी त्या प्रती एकमेकींशी ताडून बघते, कुठे काय गळलं, कुठे काय घुसलं ते शोधते आणि त्यातल्या त्यात खरा मजकूर ठरवते.

नक्कल करणाऱ्याकडे कातडं थोडं आणि आयुष्यही थोडं. कुणी नाव न ऐकलेल्या गावातल्या कुणा साध्या बिशपचं प्रवचन तो कशाला उतरवेल? म्हणून कधीतरी कुणीतरी त्याच्या माथ्यावर एखाद्या गाजलेल्या, थोरल्या बिशपचं नाव घातलं, आणि ते प्रवचन जगलं. ही लबाडी होती की कळकळ, ते आज ठरवता येत नाही. नाव खरं की मागून चिकटलेलं, हे ओळखणं माझ्या वाट्याला आलेलं काम.

ओळखायचं कसं? शब्दांच्या सवयी बघायच्या, पण तेवढ्यावर भागत नाही. माणूस काय गृहीत धरून बोलतो, ते बघायचं. कुणाशी बोलतोय, किती लांबून बोलतोय. आणि सुरुवात-शेवट फार नीट बघायचे, कारण पानं झडतात ती तिथलीच आणि कात्री लागते तीही तिथेच.

माझ्या प्रबंधातलं एक प्रवचन अशाच एका थोरल्या बिशपच्या नावावर शेकडो वर्षं छापलं जात होतं. लोक रथांच्या शर्यती बघायला निघून जातात म्हणून बोलणारा आधी रागावतो, मग ऊन फार आहे म्हणून स्वतःच आवरतं घेतो, आणि जाता जाता म्हणतो की माझ्या जागी थोरले असते तर त्यांनी हे नीट सांगितलं असतं. आता थोरले स्वतःबद्दल असं कशाला म्हणतील? बाकी पुरावाही होता, मी तो रीतसर मांडला. मोठमोठ्या लोकांनी मान्य केला. नव्या आवृत्तीत ते प्रवचन मागे, बारीक अक्षरात, ‘नाव चिकटलेली’ या गठ्ठ्यात गेलं. थोरल्यांच्या भाषांतरांतून ते वगळलं गेलं. आधी निदान पाद्री, विद्यार्थी, कुणी ना कुणी ते वाचायचे. आता माझ्यासारखे दोन-चार जण वाचतात. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. पण उन्हात उभ्या असलेल्या लोकांची दया येऊन आवरतं घेणारा तो माणूस माझं म्हणणं बरोबर ठरल्यामुळे पुसला गेला, हेही खरं.

मिलिंद सर माझ्याकडे आले ते या कामामुळेच. आळंद तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत ते शिक्षक आहेत, गाव खजुरी. खजुरी माझ्या आईचंही माहेर, आणि आम्ही दोघं एकाच समाजातले. आमच्या आजोबांच्या पिढीनं जुने देव सोडून बुद्धाचा रस्ता धरला. मिलिंद सरांचे वडील शाहीर तुळशीराम. त्यांचा जलसा, म्हणजे गाणी गात लोकांना जागं करणारी मंडळी, बिदर-कलबुर्गीपासून पलीकडे उदगीर-लातूरपर्यंत फिरलेली. शाहीर वारले. त्यांना लिहून ठेवायची सवय नव्हती, सगळं तोंडपाठ. मुलानं साथीदारांकडून एकेक गाणं मोबाईलवर गाऊन घेतलं होतं.

“अप्पांची गाणी छापायलोय, मॅडम,” ते म्हणाले. “पण घोळ असाय की जे गाजलं ते लोक अप्पांच्याच नावावर सांगत्यात. दुसऱ्याचं एक बी गाणं आत नको. उद्या कुणी बोट दाखवलं तर अप्पांचं नाव जाईल. तुमचं कामच हे हाय म्हणं.”

“माझं काम लॅटिनमधलं आहे.”

“माणसं तिकडं बी माणसंच असतील की.”

मी मोबाईल ठेवून घेतला आणि लॅटिन बाजूला सारून ती गाणी ऐकायला लागले.

तुळशीराम शाहीर ओळखायला सोपे होते. ते कायम गर्दीशी बोलतात. ‘ऐका’, ‘उठा’, ‘बघा’ यांवाचून त्यांचं कडवं सरत नाही. गाण्यात आई आली तरी ती त्यांना दारातून दिसते, चुलीपाशी वाकलेली. प्रत्येक कडव्यात काहीतरी शिकवण, आणि शेवटी ‘तुळशीराम सांगे’ अशी सही. दोन-तीन गाणी दुसऱ्यांची निघाली, मिलिंद सरांनी ती मुकाट्यानं काढली.

मग आलं शाळेचं गाणं. ते आमच्या भागात कुणाला ठाऊक नाही? जयंतीला टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात, शाळेच्या संमेलनात पोरी त्यावर नाचतात.

‘ये गं बाई, बैस पुढ्यात, वेणी घालू दे,
लाल रिबीन बांधून तुला शाळंला धाडू दे.’

पुढे तेलाचा हात पदराला पुसणं आहे, गुंता सोडवताना पोरगी मान हलवते म्हणून तिला गुडघ्यांत धरणं आहे. आणि मग एकदम ‘तुळशीराम सांगे, लेकी शिकवा घरोघरी’.

लहानपणापासून ऐकलेलं गाणं मी पहिल्यांदा कामाच्या कानांनी ऐकलं. हे गर्दीशी बोलत नव्हतं. एकाच पोरीशी बोलत होतं, आणि तेही हातभरावरून. शिकवण म्हणून फक्त शेवटची ओळ, तीही वरून शिवल्यासारखी. आणि त्या ओळीच्या आधी गाणं काहीतरी सांगायला निघालेलं होतं, ते सांगून झालंच नव्हतं.

मी मिलिंद सरांना बोलावून सांगितलं.

“हे गाणं ऐकत मी मास्तर झालो, मॅडम.”

“असाल. पण हे तुमच्या अप्पांचं नाही, आणि पुरंही नाही.”

“मंग हे पुस्तकातून काढू? अप्पांचं सगळ्यात मोठं गाणं काढून अप्पांचं पुस्तक छापू?” आवाज चढला होता. “तुम्ही तिकडं परदेशात पानं मागं-पुढं करा. हितं माणसं इचारत्यात.”

“खजुरीत काय म्हणतात लोक? कुणाचं म्हणतात?”

त्यांनी चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. “म्हणणारे म्हणत्यात गयाक्काचं हाय म्हणून. लोक काय बी म्हणत्यात.”

“गयाक्का आहेत अजून?”

“हायती.”

“मग आपण इथे बसून भांडतोय कशाला? माझी माणसं दीड हजार वर्षांपूर्वी मेली, म्हणून मला अंदाज बांधत बसावं लागतं. चला.”

गयाक्का दारात सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. हाडकुळ्या, ताठ, नजर शाबूत. जन्मभर शेतमजुरी केलेल्या. मी जयभीम केला, त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

“तू शांताची लेक न्हवं? नाक तिचंच हाय. काय करायलीस आता?”

“जुनी पुस्तकं वाचते, अक्का.”

“जुनी कामून? नवी देईनात का कुणी?”

मिलिंद सर हसले नाहीत. ते उभेच होते. मी म्हटलं, “अक्का, शाळेचं गाणं कुणाचं?”

सूप थांबलं. त्यांनी मिलिंद सरांकडे बघितलं. “बस की रं मिलिंदा. उभा राहून काय वसुली करायलास?” ते बसल्यावर म्हणाल्या, “तुज्या अप्पाला मीच दिलं व्हतं.”

“दिलं म्हंजे?”

“दिलं म्हंजे दिलं. लोकाच्या रानात खुरपताना म्हणत व्हते मी. तुजा अप्पा बांधावरून जायलाला, थांबला. म्हणला, अक्का, हे जलशात घेऊ का? म्हणलं घे. माझ्या तोंडून ऐकणार व्हतं कोण? त्यानं गावोगाव नेलं. लई पोरी शाळंला गेल्या त्या गाण्यानं, मी बघितलंय. चोरलं बिरलं न्हाई त्यानं. तसं कुणी म्हणलं तर माझ्याकडं धाड.”

मिलिंद सरांचे खांदे जरा खाली आले. मी विचारलं, “सगळं दिलं होतंत?”

आता त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुला कसं कळलं?”

“गाणं अर्धवट ठिकाणी थांबतं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “थांबतंच.”

मग सांगितलं. मुलगी संगीता, घरात संगी. आळंदच्या बाजारातून लाल रिबीन आणली होती. शाळा सुरू व्हायच्या आधीच पोरीला ताप आला, तो डोक्यात गेला. बैलगाडी आळंदला पोचेपर्यंत संपलं होतं. हे सगळं त्यांनी तूर पाखडत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग सूप खाली ठेवलं आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. चाल तीच, पण संथ. या गतीवर टाळी पडूच शकत नव्हती. वेणी झाली, तेलाचा हात पुसून झाला, आणि जिथे शाहीर सही करत तिथे गयाक्कांचं शेवटचं कडवं आलं.

‘रिबीन राहिली माझ्या हाती, लेक निजली मातीत,
गुरुजी, हजेरी घेता घ्या हो नाव संगीचं वर्गात.’

रोज सकाळी वर्गात हजेरी घेणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“तुज्या अप्पानं हे काढलं,” गयाक्का म्हणाल्या. “म्हणला, अक्का, जयंतीला बाया रडत बसत्याल आन् माणसं उठून जात्याल. लोकांना उठवायचंय, बसवायचं न्हाई. मला बी पटलं तवा.”

मी कामाला लागले. म्हटलं, “अक्का, आता पुस्तक होतंय. गाण्यावर तुमचं नाव घालू.”

“माझं कामून? मला वाचता येत न्हाई. त्याचंच राहू दे नाव, त्यानंच फिरवलं. पण ते शेवटचं घाला. संगीचं नाव कुठंच न्हाई बघ. तवा शाळंत नाव घातलंच न्हवतं, फोटू काढला न्हवता. गाण्यात व्हतं, ते बी गेलं. जयंतीत रडायचं न्हाई, बरं. पुस्तक तर माणूस एकटाच वाचतो न्हवं? तिथं रडायला कुणाची हरकत हाय?”

परतीच्या रस्त्यावर मिलिंद सर बोलले ते तक्रारीच्या सुरात. “अप्पांच्या सहीखाली ते कडवं कसं बसंल? अप्पांना लेकच न्हवती. वाचणारा लगेच म्हणंल, हे दुसऱ्याचं.”

“म्हणेलच.”

“मंग सही काढावी लागंल. सही काढली तर ते अप्पांच्या पुस्तकात कशाला, असं पुस्तकाच्या समितीवाले म्हणतील. लई झालं तर मागं घ्या, परिशिष्टात.”

तेव्हा मी त्यांना माझ्या प्रवचनाची गोष्ट सांगितली. थोरल्यांचं नाव काढलं, मागं बारीक अक्षरात घातलं, आणि त्यानंतर त्याचं काय झालं ते. “मागं घातलेलं कुणी वाचत नाही, सर. तिथे मजकूर शाबूत राहतो, पण तिकडे फिरकत कुणी नाही. ज्या जागी लोक हे गाणं शोधायला येतील, त्याच जागी ठेवा. वर गयाक्कांचं नाव, आणि खाली एक ओळ, की शाहिरांनी हे गावोगाव नेलं. दोन्ही खरं आहे.”

“आन् लोक म्हणतील, शाहिराला दुसऱ्याच्या गाण्यानं नाव मिळालं.”

“काही म्हणतील.”

पुढे समितीत वाद झाला, तो मी ऐकलेला नाही, त्यामुळे सांगत नाही. एवढं कळलं की गाणं पुरं छापायचं ठरलं आणि एका सदस्यानं ‘शिक्षणाचं गाणं रडगाणं करायलात’ असं म्हणून राजीनामा दिला. त्याचंही मला सगळं चूक वाटत नाही. त्या कापलेल्या गाण्यानं पोरी शाळेत घातल्या. माझ्या आईनं मला वेणी घालताना तेच म्हटलेलं आहे, टाळीच्या ठेक्यातलं. पुऱ्या गाण्यानं ते झालं असतं का, हे मला सांगता येत नाही.

पुस्तक खजुरीच्या विहारासमोर मांडवात, भर दुपारी प्रकाशित झालं. भाषणं लांबली. मी थोडक्यात बोलले, उन्हाकडे बघून. मग लोकांतून मागणी झाली, शाळेचं गाणं होऊ द्या. मिलिंद सरांनी पेटी पुढे ओढली. ते पुरं म्हणणार की सवयीप्रमाणे, हे मी त्यांना विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. गयाक्का बायकांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या.

पहिल्या ओळीलाच टाळ्या सुरू झाल्या, नेहमीसारख्या. सरांनी गाणं त्यांच्या अप्पांच्याच गतीवर धरलं होतं. पोरी डुलत होत्या. तेलाचा हात पुसून झाला. सहीची जागा आली, सगळा मांडव ती ओळ म्हणायला तोंड उघडून बसला, आणि सरांनी पेटीचा भाता सैल सोडला. गती उतरली. रिबीन हातात राहिल्याचं त्यांनी म्हटलं तेव्हा टाळ्या एकेक करून चुकल्या, मग थांबल्या. काहींना वाटलं सर ओळ विसरले. मागून कुणीतरी ‘तुळशीराम सांगे’ अशी आठवणही करून दिली.

सर पुढे गेले. ‘गुरुजी, हजेरी घेता घ्या हो नाव...’ आणि तिथे ते थांबले. पेटीवरचा हात तसाच राहिला.

गयाक्का बसल्या जागेवरून, वर्गात पोराला दटावावं तशा म्हणाल्या, “थांबलास कामून, गुरुजी? घे की नाव.”

त्यांनी घेतलं.